ब्राउझर रांगतोय? फॉरमॅट मारण्याआधी कोण किती खातंय ते बघा

आत्याकडे गेलं की चहाच्या आधी लॅपटॉप पुढ्यात येतो. "बघ रे जरा, काही उघडतच नाही." मशीन दहा वर्षांचं. चार जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, विंडोज १०. क्रोमवर डबल क्लिक केलं आणि आम्ही दोघं निळं कडं गरगरताना बघत बसलो. डिस्कचा दिवा एकसारखा लुकलुकत होता. अखेर खिडकी उघडली, तर वरच्या पट्टीत टॅबची एवढी दाटी की नावं दिसेनात, नुसती चिन्हं.

कोपऱ्यावरच्या दुकानात तिला "फॉरमॅट मारावं लागेल", म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने घालावं लागेल, असं सांगितलं होतं. मारावं लागलं नाही. त्या दिवशी जे केलं तेच इथे क्रमाने लिहितोय, ज्यांनी आजवर सेटिंग्जमध्ये शिरून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी. क्रम मात्र मोडू नका. आधी नुसतं बघायचं, मग फुकटातले बदल करायचे, पैसे काढायचे ते सगळ्यात शेवटी. बहुतेकांच्या मशीनवर मेनू इंग्रजीत असतात, म्हणून त्यांची नावं तशीच ठेवली आहेत.

एवढं एक डोक्यात असू द्या. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर जागा उरली नाही की विंडोज त्यातल्या त्यात न लागणारं सामान माळ्यावर टाकतं, आणि ते लागलं की पुन्हा स्टूल लावून वर चढतं. चार जीबीच्या ओट्यावर जवळपास निम्मी जागा विंडोजच अडवून बसलेलं असतं. उरलेल्या निम्म्यात ब्राउझर, त्याचे टॅब, अँटिव्हायरस आणि प्रिंटरचं सॉफ्टवेअर. तेव्हा मशीन संथ झालेलं नसतं, ते सारखं स्टूल चढत-उतरत असतं.

आधी आजार ओळखा

ब्राउझर रखडलेला असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खिडकी लहानशीच आली तर खाली 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. वर सीपीयू (मशीनचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क, नेटवर्क असे रकाने आणि त्यांचे टक्के दिसतात. मिनिटभर कशालाही हात न लावता फक्त बघा.

मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क शंभराला चिकटलेली असेल, तर माळ्यावरची ये-जा चालू आहे. हा लेख मुख्यतः याच आजारावर आहे.

मेमरी बऱ्यापैकी मोकळी, पण डिस्क शंभरावर? मग ब्राउझर बिचारा निर्दोष असण्याची शक्यता जास्त. मशीन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं विंडोजचे अपडेट आणि अँटिव्हायरसची तपासणी डिस्क अडवून धरतात. चहा करून या आणि मग पुन्हा बघा. सीपीयू शंभरावर असेल तर व्हिडिओ किंवा जाहिरातींनी भरलेलं एखादं पान शोधा. आणि सगळे रकाने निवांत असूनही पान येत नसेल, तर अडचण इंटरनेटची किंवा त्या साइटची आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एकच्या ठोक्याला पान अडकलं म्हणून लॅपटॉपला बोल लावू नये. त्या मिनिटाला लाखो घरांतून तेच पान उघडलं जात असतं.

तिथेच 'परफॉर्मन्स' आणि त्यात 'मेमरी' उघडून तीन गोष्टी कागदावर टिपून ठेवा: एकूण रॅम किती, तिचा स्पीड किती, आणि 'स्लॉट्स यूज्ड' समोर काय लिहिलंय. चौथी गोष्ट 'सेटिंग्ज'मधल्या 'सिस्टिम'खाली 'अबाउट'मध्ये मिळेल: विंडोज ३२ बिट की ६४ बिट. कागद जपून ठेवा, शेवटी लागेल.

ब्राउझरच्या आत डोकावा

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये क्रोमच्या नावापुढे कंसात वीस-पंचवीस असा आकडा दिसतो आणि लोक घाबरतात, व्हायरस शिरला म्हणून. तसं काही नसतं. क्रोम २००८ साली आला तोच या रचनेसह. वेगवेगळ्या टॅबना वेगवेगळ्या प्रोसेस, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे तुकडे, द्यायचे, म्हणजे एक पान कोसळलं तरी बाकीची तगतात. २०१८ मध्ये प्रोसेसरांमधली 'स्पेक्टर' नावाची कमजोरी उघड झाली आणि त्यानंतर प्रत्येक साइट दुसरीपासून आणखी काटेकोरपणे वेगळी ठेवायला सुरुवात झाली. या बदलाने मेमरी १० ते १३ टक्क्यांनी जास्त लागेल, हे खुद्द गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं. थोडक्यात, क्रोमची भूक काही अंशी तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे. हे वेगळेपण बंद करून मेमरी वाचवा, असा सल्ला कुठे मिळाला तर कानाआड करा. त्याच ब्राउझरमधून तुम्ही बँकेचे व्यवहार करता.

पण ती वीस-पंचवीस पिल्लं नेमकी कोणाची, हे विंडोज नीट सांगत नाही. ते ब्राउझरलाच विचारायचं. क्रोम किंवा एजची (विंडोजबरोबर येणाऱ्या ब्राउझरची) खिडकी समोर असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेघांच्या मेनूत 'मोअर टूल्स' आणि त्यात 'टास्क मॅनेजर' आहे. आता 'मेमरी' या शीर्षकावर क्लिक करा, म्हणजे मोठे खादाड वर येतील. उलटा क्रम लागला तर पुन्हा एकदा क्लिक करा.

आत्याच्या मशीनवर मला वाटलं होतं, व्हॉट्सअ‍ॅप वेब किंवा जीमेल वर असेल. तेही होते, पण पहिली ओळ निघाली एका बातम्यांच्या पानाची. चार परिच्छेदांची बातमी, आणि तिच्या आजूबाजूला आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, घटकेघटकेला बदलणाऱ्या जाहिराती, खालून सरकत वर येणारी पट्टी. आकडा तीनशे एमबीच्या पुढे. "हे कधी उघडलं होतंस?" "अगं बाई, ते होय... गणपतीच्या आधी असेल." दिवाळी आठवड्यावर आली होती.

ती ओळ निवडून 'एंड प्रोसेस' दाबलं. पान गेलं, मेमरी खाली उतरली, डिस्कचा दिवा शांत झाला. हे तुम्हीही बिनदिक्कत करू शकता. फार तर त्या टॅबमध्ये रडवं तोंड दिसेल. फक्त दोन पथ्यं पाळा. ज्या टॅबमध्ये फॉर्म अर्धवट भरलेला आहे त्याला हात लावू नका. आणि यादीतल्या 'ब्राउझर' आणि 'जीपीयू प्रोसेस' या ओळी सोडून द्या, त्या घराच्या खांबांसारख्या आहेत.

नव्या क्रोममध्ये आणखी एक सोय आहे. टॅबवर माउस नुसता धरला की जी चौकट उघडते, तिच्यात त्या टॅबने किती मेमरी घेतली आहे तेही येतं. दिवसातून दोनदा तिकडे नजर टाकायची सवय लागली तर निम्मं काम झालं.

टॅब: वाचायचंय म्हणून ठेवलेले

टॅब बंद करा म्हटलं की माणसं दुखावतात. आत्या तर म्हणाली, "राहू दे रे, वाचायचंय मला ते." वाद घालत बसायचं नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि डी दाबा. उघडे असलेले सगळे टॅब एका फोल्डरमध्ये बुकमार्क होतात. फोल्डरला तारखेचं नाव द्या आणि मग निर्धास्तपणे टॅब बंद करा. चुकून भलताच टॅब बंद झाला तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबलं की तो परत येतो. आत्याच्या त्या फोल्डरचं नाव 'नंतर वाचू'. त्यात एक्केचाळीस पानं आहेत. अजून एकही उघडलेलं नाही, पण ते पुसायची परवानगीही नाही.

मग जे टॅब ठेवायचेच आहेत त्यांना झोपवायची सोय लावा. क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, 'सेटिंग्ज', 'परफॉर्मन्स', आणि तिथे 'मेमरी सेव्हर' चालू करा. चार जीबीच्या मशीनवर मी थेट 'मॅक्सिमम' निवडतो. एजमध्ये हेच काम 'स्लीपिंग टॅब्ज' करतं. किती वेळाने झोपवायचं ते तिथे ठरवता येतं, पाच मिनिटं ठेवा. फायरफॉक्स विंडोजवर मेमरी अगदीच संपत आली की आपणहून टॅब खाली करतो, ही सोय २०२१ पासून आहे. नव्या आवृत्तीत टॅबवर राइट क्लिक करून 'अनलोड टॅब' म्हणता येतं.

झोपलेल्या टॅबवर पुन्हा गेलात की पान नव्याने उघडतं. बातमीला त्याने फरक पडत नाही, पण शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा लांबलचक अर्ज भरताना पडतो. अर्धवट फॉर्म असलेले टॅब क्रोम सहसा झोपवत नाही. तरीही मी त्यावर विसंबत नाही. मेमरी सेव्हरखालीच 'ऑलवेज कीप दीज साइट्स अ‍ॅक्टिव्ह' अशी यादी आहे, तिच्यात त्या साइटचा पत्ता घालून टाका. आणि अर्ज भरायला बसताना बाकीचे टॅब बंदच करा. कागदपत्रं स्कॅन करून अपलोड करायच्या क्षणी मशीन गोठणं यासारखा मनस्ताप दुसरा नाही.

एक्स्टेन्शन: न बोलावलेले पाहुणे

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला वरून चिकटवलेली छोटी जोड-सॉफ्टवेअर. तीन ठिपके, 'एक्स्टेन्शन्स', 'मॅनेज एक्स्टेन्शन्स'. इथे काय काय सापडेल सांगता येत नाही. कूपन शोधून देणारं काहीतरी, पीडीएफ बदलून देणारी दोन, नव्या टॅबमध्ये धबधब्याचं चित्र लावणारं एक. यातली बरीचशी प्रत्येक उघडलेल्या पानात डोकावतात आणि प्रत्येक पानाबरोबर थोडी मेमरी खातात. वर त्यांना तुम्ही काय वाचता आणि काय टाइप करता तेही दिसू शकतं, ते वेगळंच.

माझी पद्धत सरळ आहे. सगळी बंद करायची, काढायची नाहीत, नुसता खटका बंद. आठवडाभर तसंच वापरायचं. ज्याची खरंच आठवण आली तेवढंच चालू करायचं, बाकी 'रिमूव्ह'. मराठी टायपिंगसाठी बरेच जण एक्स्टेन्शन ठेवतात, त्याचीही गरज नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठीचा फोनेटिक कळफलक विंडोजमध्येच मिळतो. 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये मराठी भाषा जोडा आणि तिच्या कळफलकांत तो निवडा. तो ब्राउझरमध्येच नाही, वर्डमध्येही चालतो.

एक एक्स्टेन्शन मात्र मी आवर्जून घालतो, ते म्हणजे जाहिराती अडवणारं. जुन्या मशीनवर एवढा फरक दुसऱ्या कुठल्याही फुकट गोष्टीने पडत नाही, कारण ते बातम्यांचं पान फुगलं होतं ते बातमीने नव्हे. फायरफॉक्समध्ये 'यूब्लॉक ओरिजिन' घाला. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यावर तिथे ते चालेनासं झालं. क्रोमसाठी त्याच निर्मात्याचं 'यूब्लॉक ओरिजिन लाइट' आहे, थोडं कमी ताकदीचं पण कामाचं. नाव नीट वाचून घ्या, सारख्या नावांची पुष्कळ आहेत. आणि जी मराठी साइट तुम्ही रोज वाचता, जिचं पोट जाहिरातींवर आहे, तिला सूट द्यायला हरकत नाही, निदान तिचं पान आटोक्यात असेल तर.

मागच्या दाराने चालणारं

ब्राउझर बंद केला तरी तो खरोखर बंद होतोच असं नाही. क्रोममध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टिम' इथे 'कंटिन्यू रनिंग बॅकग्राउंड अ‍ॅप्स व्हेन गूगल क्रोम इज क्लोज्ड' असा खटका आहे, तो बंद करा. एज वापरत नसाल तर त्यातला 'स्टार्टअप बूस्ट' बंद करा. मग विंडोजच्या टास्क मॅनेजरमधला 'स्टार्टअप' विभाग बघा. मशीनबरोबर आपोआप सुरू होणारी मंडळी तिथे असतात. मीटिंगची अ‍ॅप, संगीताची अ‍ॅप, प्रिंटरचा मदतनीस यांना 'डिसेबल' करा. त्याने ती पुसली जात नाहीत, हाक मारल्यावरच येतात इतकंच.

'ऑन स्टार्टअप'मध्ये 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' असेल तर तेही बदला, नाहीतर कालचा सगळा बाजार सकाळी पुन्हा मांडला जातो.

कोपऱ्यात सारखे 'तुमच्या संगणकात व्हायरस सापडला' असे इशारे येत असतील तर ते बहुधा कुठल्यातरी साइटचे नोटिफिकेशन असतात. कधीतरी घाईत 'अलाउ' दाबलं गेलेलं असतं. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' इथे जाऊन अनोळखी नावं काढून टाका. त्या इशाऱ्यावर क्लिक करू नका, आणि त्यात दिलेल्या नंबरवर फोन तर मुळीच करू नका.

व्हिडिओ अडखळतो तेव्हा

जुन्या लॅपटॉपचा पडदा बहुतेक १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असतो. त्यावर १०८० चा व्हिडिओ लावणं म्हणजे तांब्यात घागर ओतणं. यूट्यूबच्या दातेरी चाकावर क्लिक करून ४८० करा. कीर्तन, पाककृती, शिकवणी यांना ते पुरतं.

तरीही सीपीयू तापत असेल तर कारण वेगळं आहे. यूट्यूब बरेच व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी बांधून पाठवतं. इंटेलच्या सातव्या पिढीच्या आधीच्या चिपमध्ये व्हीपी९ पूर्णपणे उलगडायची सोय नाही, मग ते काम सीपीयूच्या गळ्यात पडतं. 'एच२६४इफाय' नावाचं छोटं एक्स्टेन्शन यूट्यूबकडून जुन्या पद्धतीचा व्हिडिओ मागून घेतं, आणि तो बहुतेक जुन्या चिपना सहज झेपतो. क्रोमच्या 'सिस्टिम'मध्ये ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनचा खटका असतो, तो चालू असू द्या. चालू असताना पडद्यावर रेघोट्या येत असतील तरच बंद करून बघा.

दुसरा ब्राउझर घेऊ का?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, म्हणून मुद्दाम उशिरा घेतला. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विव्हाल्डी हे सगळे क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. भिंतींचा रंग वेगळा, पाया तोच. फायरफॉक्सचं इंजिन खरोखर वेगळं आहे, आणि वर सांगितलेलं जाहिरात-निवारण तिथे पूर्ण ताकदीने चालतं म्हणून जुन्या मशीनवर माझी पसंती त्याला आहे. पण तेच वीस टॅब तिकडे उघडलेत तर तोही रांगणारच. निदान दोन ब्राउझर एकाच वेळी उघडे ठेवू नका.

विंडोज ७ किंवा ८.१ वर असाल तर मामला वेगाचा नाही. क्रोमची तिथली शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. फायरफॉक्स ११५ च्या दीर्घकालीन आवृत्तीवर थांबला. अशा मशीनवर गाणी ऐका, पत्ते खेळा. बँक आणि आधारची कामं फोनवर करा.

हे करू नका

'रॅम क्लीनर' नावाचं काहीही डाउनलोड करू नका. ते ओट्यावरचं सामान बळजबरीने माळ्यावर टाकतं, आकडा क्षणभर छान दिसतो आणि पुढच्याच मिनिटाला सगळं खाली आणावं लागतं. पेज फाइल (रॅममधलं सामान ठेवायला विंडोजने डिस्कवर राखलेली जागा) बंद करू नका, त्याने माळाच नाहीसा होतो आणि ओटा भरला की पानं कोसळू लागतात. रोज कॅशे (पाहिलेल्या पानांचा ब्राउझरने ठेवलेला साठा) पुसणाऱ्यांनाही सांगतो, कॅशे डिस्कवर असतो, तो पुसून रॅम मोकळी होत नाही. उलट प्रत्येक पान पुन्हा इंटरनेटवरून आणावं लागतं. एखादी साइट विस्कटलेली दिसली तर पुसा, एरवी नको.

पैसे काढायचे तर कुठे

आता तो कागद काढा. विंडोज ३२ बिट असेल तर चार जीबीपेक्षा जास्त रॅम घालून उपयोग नाही. घातली तरी घरच्या आवृत्त्यांना तेवढीच दिसते. ६४ बिट असेल आणि 'स्लॉट्स यूज्ड'समोर 'वन ऑफ टू' असेल तर तुमचं नशीब, एक जागा रिकामी आहे. स्पीड १६०० असेल तर रॅम बहुधा डीडीआर३ जातीची, २१३३ किंवा त्याहून जास्त असेल तर बहुधा डीडीआर४. या दोन जातींची खाच वेगळ्या ठिकाणी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. डीडीआर३ मध्ये पुन्हा १.५ व्होल्टची साधी आणि १.३५ व्होल्टची 'एल' असे दोन प्रकार आहेत. २०१४-१५ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपना 'एल'च लागते. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे आतली पट्टी काढून दुकानात नमुना म्हणून दाखवणं. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाख दिलेली असते, तिथे काही करता येत नाही.

एकच गोष्ट परवडत असेल तर? मी एसएसडी म्हणेन, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. अडीच इंची साटा (जोडणीचा प्रकार) एसएसडी जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कच्या जागीच बसते. लॅपटॉपची फिरती डिस्क सेकंदाला साधारण शंभर एमबी वाचते, साटा एसएसडी पाचशेच्या आसपास, आणि विखुरलेले छोटे तुकडे वाचताना तर तुलनाच नको. मेमरी तेवढीच राहते, पण स्टुलाऐवजी जिना येतो. दुकानात जाण्याआधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर स्वतः काढा, आणि जुनी डिस्क परत मागून घ्या, तिच्यात तुमचं सगळं घर आहे.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच जुन्या मशीनना विंडोज ११ चालत नाही. ज्यांचं काम ब्राउझरपुरतंच आहे त्यांनी विंडोजऐवजी चालणाऱ्या, फुकट मिळणाऱ्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बघावी. दोन जीबीत ती उभी राहते, चार जीबीत बरी चालते, आणि मराठी इनस्क्रिप्ट कळफलक तिच्यात आहे. श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करणारे आणि डिजिटल सहीचा डोंगल वापरणारे यांनी मात्र घाई करू नये, ही कामं विंडोजवरच सुरळीत होतात. बाकीच्यांनी ती पेनड्राइव्हवर घेऊन मशीन तिच्यावरून सुरू करावं आणि वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर चालतो का ते बघावं. 'इन्स्टॉल' दाबत नाही तोवर डिस्कवरच्या विंडोजला धक्का लागत नाही. पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केलं की जुनं घर जसंच्या तसं.